चौकटवरचा भिडू

"हुपरीकर, पेढे काढा, पेढे!" असं ओरडतच बेडगकर दारातून आत आले. बेडगकर म्हणजे आमचे शेजारी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाजार उघडला की टीव्हीसमोर बसायचे ते बाजार बंद झाल्यावरच आंघोळीला उठायचे. "तुमचा चौकटचा शेअर आज कुठं जाऊन बसलाय, बघितलंत का? एका दिवसात जाईल तेवढा वर गेलाय, वरचं सर्किट लागलंय!"

आमचे हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर टॅबलेट होता. मान वर न करताच म्हणाले, "बघितलं."

"मग असं तोंड करून काय बसलाय? कुणी गेलंय का?"

"बेडगकर, तुम्ही बसा बघू. मी चहा टाकते," मी म्हटलं. ह्यांच्या तोंडून काहीतरी तिरकं निघणार हे मला मानेवरूनच कळायचं.

आणि निघालंच. "शेअर का वर गेला, ते माहितीय का तुम्हाला?"

"हो की! फुकटचे गेम बंद करणार आहेत ना. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, सगळं बंद. पैशांची रमी तेवढी ठेवणार. खर्च वाचला, म्हणून बाजार खूश झाला. सरळ गणित आहे."

"तुमचं गणित घाला चुलीत," हे म्हणाले आणि टॅबलेट उचलून आतल्या खोलीत गेले.

बेडगकर बिचारे माझ्याकडे बघत राहिले. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. अख्ख्या मिरजेत त्या दिवशी शेअर वर गेला म्हणून सुतक पाळणारा माणूस आमच्याच घरात निघावा, हे त्यांना कसं कळणार? मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि सगळं सांगितलं. आज इतक्या वर्षांनी सांगतेय, तेही तसंच सांगते.

ह्यांना एकच भाऊ, प्रभाकर. वडोदऱ्याला असायचे. दिनकर आणि प्रभाकर, सासूबाई हाक मारताना दोन्ही नावं एका दमात घ्यायच्या. माझं लग्न झालं तेव्हा भाऊजी कॉलेजात होते. दोघं भाऊ मेंढीकोटाला भिडू म्हणून बसले की समोरच्यांनी पैजच लावू नये. मेंढीकोट म्हणजे चौघांचा डाव, समोरासमोरचे दोघं भिडू. दश्शीला म्हणायचं मेंढी, आणि ज्यांनी जास्त मेंढ्या पकडल्या त्यांचा डाव. ह्या दोघांची त्यात एक चोरटी खूण होती. ह्यांनी एखाद्या रंगाची नव्वी उतरली की समजायचं, त्या रंगाचा एक्का ह्यांच्या हातात आहे. मग पुढच्या खेपेला भाऊजी डोळे मिटून त्याच रंगाची मेंढी उतरायचे. शहाणा माणूस मेंढी अशी उघड्यावर टाकत नाही. पण भाऊजी टाकायचे, आणि हे वरून एक्का मारून ती घरात आणायचे. सगळे म्हणायचे काय नशीब आहे, आणि हे दोघं मिशीत हसायचे.

असे ते भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले ते कशावरून, तर पत्रिकेवरून. भाऊजींच्या ऋचाचं लग्न ठरलं. आमच्याकडे घरच्या कार्याचं बोलावणं थोरल्या घरी स्वतः येऊन, अक्षत देऊन करायची रीत. भाऊजींनी पत्रिका कुरियरनं पाठवली. वर फोन केला, "अण्णा, सुट्टीच मिळेना, त्यात हॉलवाल्यानं घोळ घातलाय. समजून घ्या."

ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "कुरियरवाल्याच्या हातचं आमंत्रण आहे. कुरियरवाल्यालाच पाठवा लग्नाला."

मी म्हटलं, "अहो, पोरीचं लग्न आहे. तिनं काय केलंय?"

"रीत म्हणजे रीत."

आम्ही गेलो नाही. तिकडे भाऊजीही काही कमी नव्हते. ज्या काकानं माझ्या लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या नाहीत तो माझा भाऊ नाही, असं भर मांडवात म्हणाले म्हणे. झालं! हुपरीकरांचा ताठा तो, एकाचा उतरला तर दुसऱ्याचा चढायचा. ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना बजावून ठेवलं, माझ्यापुढे वडोदऱ्याचं नाव काढायचं नाही. एकदा एका मुंजीत चुलतदीर विनायक पंगतीत ह्यांच्या शेजारी बसले होते. "दिनूदादा, प्रभाकरचं कळलं का?" एवढं म्हणाले मात्र, हे जिलबी टाकून पानावरनं उठले. मी विनायकांना म्हटलं, "काय झालंय?" तर ते चिडून म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, मला काय करायचंय!" मला वाटलं, भाऊजींनी बंगला-बिंगला बांधला असेल. जावेशी, सुलभाशी, माझं दिवाळीला फुलांचे फोटो पाठवण्यापुरतंच उरलं होतं.

असं चाललं होतं. मग आमच्या मेधानं दिवाळीला टॅबलेट आणला आणि त्यात ते चौकट नावाचं ॲप घालून दिलं. "बाबा, खाली कट्ट्यावर जाऊन भांडण्यापेक्षा घरात बसून मेंढीकोट खेळा," म्हणाली. नाव, फोन नंबर देऊन खातं उघडलं. खेळणाऱ्यांना फक्त टोपणनाव दिसायचं. ह्यांनी 'मिरजवाला' घेतलं. रोज दुपारी चहानंतर बसायचे. बाकी तीन खेळाडू कुठले कुठले असायचे.

एक दिवस मी गव्हाचं पीठ चाळत होते, तर आतून हाक आली. "कुमुद, इकडे ये. लवकर ये."

मी पिठाच्या हातानं गेले.

"हे बघ. मी बदामाची नव्वी उतरली. पुढच्या खेपेला हा माझा भिडू आहे ना, 'किल्वर गुलाम', ह्यानं बदामाची मेंढी उतरली."

"असेल कुणी येडा."

"एकदा नाही. तीन डाव झाले, तिन्ही डावांत तेच." ह्यांनी चष्मा काढला. "कुमुद, हा प्रभ्या आहे."

मी म्हटलं, "मग करा की फोन! नंबर आहे आपल्याकडे."

"मी? पत्रिका कुरियरनं मी पाठवली का? त्यानं करायचा फोन."

पण दुसऱ्या दिवशी चहा अर्धा टाकून टॅबलेट उघडला. किल्वर गुलाम हजर! ॲपमध्ये ओळखीच्या भिडूला बोलावता यायचं. तेव्हापासून रोज तोच भिडू. एक दिवस खाडा नाही. हे सकाळपासून खुशीत असायचे. भाजीला मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत. मी चिडवायची, "सवतीला भेटायला चाललेत जणू." त्यावर लाजायचे सुद्धा.

त्या ॲपमध्ये एकमेकांना काही लिहिता यायचं नाही. चार बटणं तेवढी होती. 'छान डाव', 'अरेरे', 'माझं चुकलं' आणि 'उद्या भेटू'. दाबलं की समोरच्याच्या पडद्यावर ते शब्द उमटायचे. डाव संपला की किल्वर गुलामाकडून 'उद्या भेटू' यायचंच. हेही तेच दाबायचे. कधी कधी मात्र डाव सुरू व्हायच्या आधीच, एकही पान पडलेलं नसताना, तिकडून 'माझं चुकलं' यायचं.

मी म्हटलं, "अहो, हे बघा काय म्हणतायत."

"बोट लागलं असेल."

"रोज कसं लागेल?"

ह्यांनी टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "बटण दाबून माफी होते का गं? तोंडानं म्हणू दे की एकदा. अण्णा म्हणू दे. मी लगेच पुढची गाडी पकडतो. माझं काय त्याच्याशी वैर आहे?"

"मग तुम्हीच म्हणा ना आधी."

"थोरला मी आहे," ह्यांनी विषय संपवला. मी कपाळाला हात लावला. दुसरं काय करणार? सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कान धरून फोनपाशी बसवता येत नाही.

पुढे त्या कंपनीचा शेअर बाजारात आला. ह्या माणसानं जन्मभर पोस्ट आणि एफडी सोडून कुठं पैसा ठेवला नव्हता. बेडगकरांनी डोकेफोड केली तरी बधले नव्हते. पण चौकटचं कळल्यावर स्वतःहून बेडगकरांकडे गेले आणि शेअर घेऊन आले. मी विचारलं, "हे काय नवीनच?" तर म्हणतात कसे, "दुकानात आपला हिस्सा असला की दुकान कोण कशाला बंद करेल? मालकाला विचारल्याशिवाय करता येतं का?"

खरंच त्यांना असं वाटत होतं. शेअर खाली खाली यायला लागला तरी हे ढिम्म. उलट आणखी घेतले. बेडगकर म्हणायचे, "अहो, काढा, बुडतोय." हे म्हणायचे, "बुडू दे. मेंढीकोट चालू आहे ना?" आणि नेमका तो मेंढीकोट बंद करायचं ठरवल्यावर शेअर उसळला. त्यातून ॲपमध्ये नोटीस आली: महिनाअखेरीस फुकटचे गेम बंद होतील आणि त्यांची खाती कायमची काढून टाकली जातील. म्हणून त्या दिवशी बेडगकरांना पेढे मिळाले नाहीत.

सगळं ऐकून बेडगकरांनी कप खाली ठेवला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "हुपरीकर, बाहेर या. मालक आहात ना? पुढच्या आठवड्यात वार्षिक सभा आहे. हल्ली घरबसल्या व्हिडिओवर असते. आधी नाव नोंदवलं की शेअरहोल्डरला बोलता येतं. बोला ना तिथं!"

हे बाहेर आले. "खरंच बोलू देतात?"

"देतात म्हणजे? लोक चेअरमनची आरती ओवाळतात नुसती. तुम्ही प्रश्न विचारा."

नाव नोंदवलं. मग आठवडाभर आमच्या घरात भाषणाची तयारी. मी म्हणजे सभा, आणि हे माझ्यासमोर उभे राहून बोलणार. मी पोळ्या लाटत सुधारणा सांगणार. एकदा मी म्हटलं, "अहो, एवढं त्या चेअरमनला सांगताय, त्यापेक्षा वडोदऱ्याला एक फोन स्वस्तात पडेल." त्यावर दोन दिवस माझ्याशी अबोला.

सभेच्या दिवशी ह्यांनी मेधाच्या लग्नातला कोट घातला. देवाला नमस्कार केला. टॅबलेट डब्यांच्या आधारानं टेबलावर उभा केला. मी एका बाजूला, बेडगकर दुसऱ्या बाजूला. पडद्यावर चेअरमन, आमच्या मेधापेक्षाही लहान, पुण्याचाच पोरगा. आधी दोन-तीन शेअरहोल्डर बोलले. एकानं तर हात जोडून, "साहेब, आपल्या चरणी दंडवत, बोनस शेअरचं बघा," असं म्हटलं. बेडगकर मला हळूच म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं?"

मग एका बाईचा आवाज आला. "पुढचे वक्ते, श्री. दिनकर हुपरीकर, मिरज. सर, तुमचा माइक सुरू केला आहे."

हे उठून उभे राहिले. पडद्यात नुसतं पोट दिसायला लागलं. मी कोट धरून खाली बसवलं.

"चेअरमनसाहेब, नमस्कार. मी काही बोनस मागायला आलेलो नाही. मला फुकटही काही नको. मेंढीकोटाला वर्गणी लावा, मी भरतो. पण तो बंद करू नका. माझा तिथं एक भिडू आहे. रोज येतो. तो..." इथं हे आठवडाभर घोटून घेतलेलं सगळं विसरले. "तो दुसरीकडे कुठं मला भेटत नाही. एवढंच सांगायचं होतं."

चेअरमन पोरगा वाईट नव्हता. मान हलवत म्हणाला, "काका, तुमची भावना पोचली. पण फुकटच्या गेम्सचा खर्च कंपनीला परवडत नाही. तुम्हीही शेअरहोल्डर आहात. हा निर्णय तुमच्याच फायद्यासाठी आहे. शेअर कुठं गेलाय ते बघताय ना?"

हे काहीतरी बोलायला गेले, तोवर माइक बंद झाला होता. बेडगकरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला चेअरमनचा राग आला, आणि लगेच वाटलं, त्या परक्या पोरावर कशाला रागवायचं? घरातल्याचं सोडून?

तेवढ्यात बाईचा आवाज. "पुढचे वक्ते, श्री. प्रभाकर हुपरीकर, वडोदरा."

आम्ही तिघंही टॅबलेटवर वाकलो. मग हे माझा हात घट्ट धरून म्हणाले, "यानंही घेतलेत! यानंही शेअर घेतलेत कुमुद!" चेहरा असा फुलला होता, लग्नात सुद्धा मी तसा बघितला नव्हता. "आता बोलेल बघ. आता बोलेल."

पडद्यावर आली ती सुलभा. केस पांढरे झालेले, चेहरा ओढलेला.

"मी त्यांची पत्नी बोलतेय. शेअर आमच्या दोघांच्या नावावर आहेत. ह्यांना बोलता येत नाही, म्हणून मी बोलते." तिनं घसा साफ केला. "ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, पण शब्द येत नाही. लिहिताही येत नाही. डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून लेकीनं तुमचा गेम लावून दिला. तिथं त्यांना त्यांचे भाऊ भेटले. आत्ता माझ्याआधी बोलले ते. साहेब, तुमच्या गेममध्ये चार बटणं आहेत ना, तेवढंच आता ह्यांचं बोलणं आहे. 'छान डाव' म्हणतात, 'माझं चुकलं' म्हणतात. ते तरी काढून घेऊ नका."

मग तिनं फोन थोडा वळवला. मागे खुर्चीत भाऊजी बसले होते. आमचे धिप्पाड प्रभाकर भाऊजी. अंगावर शाल, उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा. ते पडद्याकडे बघत होते आणि तोंड उघडत होते, मिटत होते.

"प्रभ्या!" हे ओरडले. "अरे प्रभ्या! सुलभा, ऐकू येतंय का? मी येतोय! सांग त्याला, मी येतोय!"

"माइक बंद आहे हो," बेडगकर रडवेल्या आवाजात म्हणाले. तोवर पडद्यावर सुलभाच्या जागी दुसरंच कुणी आलं होतं. चेअरमन काय म्हणाला ते मला आठवत नाही. काहीतरी सहानुभूतीचं म्हणाला असेल.

हे कोटासकट जमिनीवर बसले. "तो रोज म्हणत होता गं," म्हणाले. "रोज म्हणत होता, आणि मी म्हणत होतो तोंडानं म्हण." मी आयुष्यात ह्यांना दोनदाच रडताना पाहिलं, त्यातली ही एक वेळ. मी काय समजूत घालणार? मलाच हुंदका आवरत नव्हता. मी सुलभाला फोन लावला आणि म्हटलं, "आम्ही निघतोय गं." ती नुसती "या" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वडोदऱ्याला पोचलो. दारातच हे चप्पल न काढता आत धावले, भाऊजींच्या खुर्चीपुढे गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. थोरला असून. भाऊजींनी डावा हात ह्यांच्या टकलावरून फिरवला. सुलभा आणि मी दारात उभ्या राहून रडत होतो.

संध्याकाळी हे सुलभाला म्हणाले, "कळवलं का नाहीस गं? मी काय इतका परका?"

सुलभा शांतपणे म्हणाली, "विनायकभाऊजींकडनं निरोप दिला होता, अण्णा. तुम्ही पानावरनं उठलात म्हणे. मग मी स्वतः फोन हातात घेतला, तर ह्यांनी माझा हात धरून ठेवला. सोडेचनात. दया येऊन आलेलं ह्यांना नको होतं. तुमचा राग जाऊन तुम्ही यायला हवे होतात."

"डॉक्टर काय म्हणतात? वाचा येईल परत?"

"पहिल्या वर्षात आली असती तर थोडीफार आली असती, म्हणाले. घरच्यांनी सतत बोलतं ठेवायला हवं, जुन्या गोष्टी काढायला हव्यात, असं सांगत होते. ऋचा कॅनडात. मी आपली बोलत होते. पण ह्यांच्या लहानपणाचं मला काय माहिती, अण्णा? मी एकटी किती बोलणार?"

हे उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागे गेले नाही. तिला तसं बोलायचा हक्क होता, आणि ह्यांना ते ऐकावंच लागणार होतं.

त्यानंतर आठ-दहा दिवस राहिलो. पहिले काही दिवस दोघं भाऊ शेजारी शेजारी बसून, हातात आपापला टॅबलेट घेऊन मेंढीकोट खेळायचे. भाऊजी बटण दाबायचे आणि मान वळवून ह्यांच्याकडे बघायचे. मग महिना संपला. त्या दुपारी ॲप उघडलं तर पत्ते नाहीत, बटणं नाहीत. 'आपले खाते काढून टाकण्यात आले आहे,' एवढी एकच ओळ. भाऊजी डाव्या बोटानं त्या ओळीवर दाबत राहिले, दाबत राहिले. शेवटी सुलभानं हळूच टॅबलेट काढून घेतला.

हे म्हणाले, "जाऊ दे रे प्रभ्या. मी आहे ना. मी बोलतो, तू ऐक." आणि बोलायला लागले. हुपरीच्या शाळेतल्या मारकुट्या मास्तरांपासून सुरुवात केली. पंचगंगेत बुडता बुडता वाचले ते, आईनं लपवलेले लाडू, वडिलांची सायकल विकून खाल्लेली भेळ. सकाळी सुरू व्हायचे ते जेवणापर्यंत, पुन्हा चहानंतर. घसा बसला तरी थांबेनात. मी गरम पाणी नेऊन द्यायची. मधेच म्हणायचे, "आता तू म्हण. अण्णा म्हण. नुसतं अ म्हण बघू." भाऊजींच्या कपाळावर घाम यायचा. तोंड उघडायचं, आणि काहीच यायचं नाही. ह्यांचा असा जीव जळायचा ते बघून. पण पुन्हा सुरू करायचे.

निघायच्या दिवशी सकाळी सुलभा आणि मी स्वयंपाकघरात वाटेसाठी दशम्या करत होतो. बाहेर हे बोलत होते. एकाएकी आवाज थांबला. मग भाऊजींच्या घशातून एक मोठा, ओढलेला आवाज आला. "अ... अ..."

"सुलभा!" मी तिचा दंड धरला. "अगं, बोलले!"

सुलभाच्या हातातलं लाटणं थांबलं. तिनं मान हलवली. "वहिनी, पाणी हवं असलं की ते असाच आवाज काढतात. भूक लागली तरी तोच. कूस बदलायची असली तरी तोच. मी पहिल्यापासून ऐकतेय. तुम्ही आल्यापासून अण्णा मागायच्या आधीच सगळं करतात, म्हणून इतके दिवस ऐकू आला नाही."

तोवर हे दारात येऊन उभे राहिले होते. शर्ट भिजलेला, डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसू.

"कुमुद, ऐकलंस? अण्णा म्हणाला! सुलभा, तू पण ऐकलंस ना? मला अण्णा म्हणाला!"

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं.

"ऐकलं की," मी म्हटलं.

"ऐकलं, अण्णा," सुलभा म्हणाली. मग तिनं पेल्यात पाणी भरलं, पदराला हात पुसले आणि ते पाणी घेऊन ती बाहेर भाऊजींकडे गेली.